उधन्याचं पाखरू

आबा, सगळ्यांच्या आधी आली ती समोरच्या दारातली गुजरातीण. तिला बोलावणं लागत नाही, चहाचा वास पुरतो. उंबऱ्यातूनच म्हणते, "माजी, मशीन चालू झालं का? तुमच्या घरातून आवाजच नव्हता, मला वाटलं कोई गुजरी गयुं के शुं!" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही बाई, एक जीव वाढलाय." तिच्या मागोमाग आपल्या सुरतेतल्याच उधना भागातलं जोडपं आलं. त्यांचंच तर पाखरू. पण थांबा, अगोदरचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगी अजून शेंड्याकडूनच सुरू करते.

पोपटच आहे, पण गावच्या बोरीवरचा हिरवा नाही, तो पाळायला आता बंदी आहे. हा परदेशी जातीचा. अंगानं राखाडी, डोक्यावर तुरा, आणि गाल असे नारिंगी, की सवाशिणीनं हळद-कुंकू एकत्र फासावं. ते जोडपं राहतं कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला लागून. त्यांच्या तान्ह्या बाळाला पिसांच्या भुकटीनं दम लागायला लागला, डॉक्टर म्हणाले पक्षी घरात नको. माझा मुलगा त्या माणसाबरोबर कामाला, तो पिंजरा घेऊन आला. ठरलं असं, की आमच्याकडे रुळला तर आमचा, नाहीतर दुकानदाराला देऊन टाकायचा. दुकानात एकेका पिंजऱ्यात पाखरं कशी कोंबतात ते मी बघितलंय. मनाशी म्हटलं, हा तिथं जायचा नाही.

पण आला आणि खाईचना. बाजरी ठेवली, राळा ठेवला, कोथिंबीर अडकवली. तुरा ताठ करून कोपऱ्यात बसे. नात मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "आजी, नव्या पक्ष्याला शांतता द्यायची, एकदम चूप!" झालं. टीव्ही बंद, मिक्सर बंद, सून पोळ्यासुद्धा चोरट्यासारखी लाटते, आणि मी साड्यांना लेस लावायचं माझं पायमशीन झाकून ठेवलं. आम्ही जितके गप्प, तितकं ते आक्रसून बसे. छातीचं हाड दिसायला लागलं.

मग तुम्ही आठवलात. मी लहान, दिवाळीला आपण गावी गेलोय, भर दुपारी निंबाखाली खाट टाकलीय, आणि तुम्ही या कुशीवरून त्या कुशीवर. आई विचारते, "काय व्हयनं?" तुम्ही म्हणता, "आठे बठ्ठं शांत शे, माले झोपच लागत नही." आई म्हणते, "लई या ना मंग तुमना कारखाना!" कारखाना काय गाठोड्यात बांधून आणायचा! तुम्ही हसता, मीही गोधडीत तोंड खुपसून हसते. तेव्हा मला वाटायचं, आबांना गाव आवडत नाही. सुरतेला लूमवर उभी हयात काढलेल्या माणसाच्या कानाला काय लागतं, ते त्या वयात कुठलं कळायला!

उठले आणि मशीनवरचं कापड काढलं. नात धावत आली, "आजी, चूप रहेवानुं छे!" म्हटलं, "तूच राहा चूप." साडी घेतली नि पाय मारला. खटखट, खटखट. पाखरानं मान वाकडी केली. तुरा हळूहळू खाली बसला. मी बघते तर दांडीवरून सरकत सरकत वाटीपाशी, आणि चोच बाजरीत! मी पाय थांबवला तर तेही थांबलं. मग मी कसली थांबते! सून बघत उभी राहिली, तव्यावरची पोळी करपली, तरी कुणी कुणाला बोललं नाही. आता ते जाळीला लागून माझ्या बोटातलं कणीस कुरतडतं.

आज उधन्याच्या त्या बाईनं ते बघितलं आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "वीज गेली, लूम बंद पडले की हे आमच्याकडेही गप्प व्हायचं. आम्हाला वाटायचं, झोपलं." तिनं शीळ घातली, यानं लगेच उलटी शीळ दिली.  तिचा नवरा म्हणाला, "मावशी, याचा लाकडी झोका आमच्याकडे राहिलाय. तो घेऊन परत एकदा बघून जातो. असाच खात असला, तर झोका इथेच टांगू आणि पाखरू तुमचं." मी म्हटलं, "या की, जेवायलाच या."

तुम्ही गेलात तिथवर हा कागद कुठला पोचायला, साड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवून देईन. एवढं मात्र तुम्हालाच सांगते. तिनं दुसऱ्यांदा शीळ घातली ना, तेव्हा मी मुद्दाम मशीनचा पाय जोरात मारला, त्यानं माझ्याकडे बघावं म्हणून. आणि बघितलं त्यानं. रविवारी येतो म्हणालेत.