रोप टाकायच्या आधी सांगितलेले

मी, बनुबाई कानिफनाथ झावरे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार भोरदरा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि माझे दीर छगनभावजी त्यावर "वहिनीचं डोकं जरा जास्तच ठिकाणावर हाय" असे म्हणाले आहेत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. एकाने थोडा टाकून पाहिला, त्याचे पुढे येईलच. माझे मालक वारले आहेत. त्यांना मी खाली "हे" असेच लिहिते, नाव घ्यायची सवय नाही.

राहते घर, भांड्यांसकट आणि ओट्यासकट, मुलगा ओंकार याला. तो नोकरीला केडगावला असला तरी सणाला त्याला झोप याच घरात लागते. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी निम्मी.

विहिरीजवळचे वावर आणि त्यातली कांदा साठवायची चाळ मुलगी ज्ञानेश्वरी हिला. हे वावर यांनी स्वतःच्या कमाईने घेऊन माझ्या नावावर केले, तेव्हा ते द्यायचा हक्क माझा आहे.

यावर ओंकारची हरकत आहे. ती लिहून ठेवते, कारण ती खोटी नाही. हे गेल्यावर शेत बघायला कोणी राहिले नाही. तेव्हा मी दोघांना समोर बसवून सांगितले, की जो येऊन कसेल त्याला चाळीचे वावर. ओंकार बरं म्हणाला. ज्ञानेश्वरी सुप्याच्या कंपनीतली नोकरी सोडून जावयांसह इथे आली. पुढे वावराच्या कडेने मोठ्या रस्त्याची आखणी झाली आणि जमिनीला भाव आला. आता ओंकार म्हणतो, "आई, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

हे वाक्य मी आधी ऐकलेले आहे. कांद्याची निर्यात बंद झाली त्या डिसेंबरात आमचा लाल कांदा टेम्पोत भरून दारात उभा होता. लागण केली तेव्हा निर्यात चालू होती. मग परिस्थिती बदलली, शहरात कांदा महाग झाला. ते खरेच होते, आणि शहरातल्या बाईलाही कांदा परवडलाच पाहिजे. हे ओट्यावर बसून एवढेच म्हणाले, "बंद करा ना बाबा. पन रोप टाकायच्या आधी सांगा. आमी दुसरं काही लावलं असतं."

भाव पडल्यावर काहींनी काढणीच्या बायांची मजुरी कापली. यांनी रतनबाईच्या टोळीला ठरली होती तेवढी दिली. मी कुरकुरले. तर म्हणाले, "त्यांना आधी सांगितलंय. सरकारला एक नियम आन् आपल्याला दुसरा, असं कसं?"

मी शाळेत गेले नाही. पेपरातल्या बाजारभावाच्या पानावर वाचायला शिकले. आधी आकडे, मग गावांची नावे, मग बातम्या. मध्यंतरी एक लेख आला होता, की परदेशाशी व्यापार करताना सरकारने आधी तत्त्वे ठरवावीत आणि ती धरून चालावे. शब्द अवघड होते. मला कळले ते असे, की नियम आधी सांगावा, सगळ्यांना सारखा लावावा, बदलायचाच झाला तर समोरच्याला सावरायला वेळ द्यावा. नाहीतर बाहेरचा घेणारा दुसऱ्याच्या दारात जातो आणि परत येत नाही. मी तो लेख ओट्यावर बसून मोठ्याने वाचला. ऐकायला कोणी नव्हते. हे असते तर म्हणाले असते, "एवढं सांगायला अख्खं पान लागलं व्हय?"

माझ्या शब्दावर पोरीने नोकरी सोडली. आता भाव आला म्हणून मी शब्द फिरवला, तर सरकारला नावे ठेवायचा हक्क जाईल, आणि तो मला सोडायचा नाही.

जुन्या पेपरांचे गठ्ठे छगनभावजींना. मी वाचायला लागले तेव्हा "वहिनी आता दिल्लीला जायच्या" म्हणून ते पारावर हसले होते. गठ्ठे रद्दीत न घालता वाचावेत.

यांचा चष्मा माझ्याबरोबर द्यावा. ते घरी विसरून गेलेत.

साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले. म्हणून माझे इरकली लुगडे रतनबाईला कालच नेसवले.

मृत्युपत्र लोक पाकिटात बंद करून ठेवतात. मी हे दोन्ही मुलांना वाचून दाखवले. ओंकारने कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचला. मग बहिणीला म्हणाला, "ताई, घरी खायपुरता कांदा तरी मिळंल का चाळीतला?"

ती म्हणाली, "मिळंल की. पन रोप टाकायच्या आधी सांग. एक वाफा जास्त धरीन."

"मग आत्ताच सांगतो," तो म्हणाला.

यात काही बदल करायचा झाला तर तोही मी असाच, दोघांच्या समोर आणि वेळेवर सांगेन. येत्या आठवड्यात रोप टाकायचे आहे, म्हणून सही आज करते.

सही: बनुबाई कानिफनाथ झावरे

साक्षीदार:
१. रतनबाई (डाव्या अंगठ्याचा ठसा), काढणीच्या टोळीची मुकादम
२. अजिनाथ, निवृत्त शिक्षक

ठिकाण: भोरदरा, आमचा ओटा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५