चुकीच्या उत्तराचं पान

सरावली, ता. १२ फेब्रुवारी १९९९

ती. शालूताईस प्रतापचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तू पाठवलेले सुके बोंबील शेजाऱ्यांनी वासावरूनच ओळखले, त्यामुळे वाटून खावे लागले. तुझी भावजय अजून धुसफुसते आहे.

पत्राचं कारण वेगळं आहे. मार्चमध्ये आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह असतो. दरवर्षी साहेब भाषण करतात आणि आम्ही पेंगतो. यंदा कॉम्प्युटरवर प्रश्नमंजूषा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पॉवरपॉइंटमध्ये एकेक पान बनवायचं, ते भिंतीवर मोठं दिसतं. खात्याखात्यांचे संघ खेळणार. बरोबर उत्तर दाबलं की टाळ्यांचं पान येतं, चुकीचं दाबलं की लाल फुली आणि काच फुटल्याचा आवाज. पानं एकमेकांना जोडताना डोकं भणभणतं, पण आता हात बसलाय.

एक प्रश्न मात्र तुला विचारल्याशिवाय जोडवत नाही. साथीदार टाकीत बेशुद्ध पडलाय, आधी काय कराल? चार वर्षांपूर्वी भावोजींबरोबर काम करणारा चिंतू असाच पडला आणि धर्माजीभावोजी मास्क न लावता त्याच्यामागे उतरले. चिंतू वाचला, भावोजी गेले. आपल्याकडे विहिरीत कोणी पडलं की काठावरचा उडी टाकतो. टाकीपाशीही सगळे तेच करतात, पण टाकीत पाणी नसतं, विषारी वायू असतो. 'लगेच उतरू' हे उत्तर मला चूक ठरवावं लागेल. तू नको म्हणालीस तर प्रश्न काढून टाकतो.

लोभ आहेच, रागही चालेल. पण उत्तर धाड.

तुझा प्रताप

एडवण, ता. १८ फेब्रुवारी १९९९

चि. प्रताप यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा रागच आला. माझा नवरा जिवानिशी गेला आणि तू त्याच्यावर फुली मारून काच फोडणार, लोक हसणार. पत्र फळीवर टाकलं आणि पानवेलींना पाणी घालायला गेले. सासूबाईंच्या कानावर घातलं तर त्या म्हणाल्या की माझ्या लेकाने पुण्य केलं, त्याला चूक म्हणणाऱ्याचं तोंड बघायचं नाय.

मीही आजवर तेच म्हणत आले. पण खरं सांगू का, मला पुण्य नको होतं रे, माणूस हवा होता. हे कोणाला बोलले नाही, तुला लिहिते. प्रश्न ठेव.

मात्र फुली नको, आवाज नको. त्या पानावर एवढंच लिही की आता टाकीत दोन माणसं आहेत. आणि तिथून मागच्या प्रश्नावर परत यायची वाट ठेव. चुकलेल्याला एकदा मागे येता येऊ दे. ह्यांना आलं नाही.

बोंबील पुन्हा पाठवते, या वेळी दार लावून खा. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई

सरावली, ता. ५ मार्च १९९९

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच पान केलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाकी काही नाही.

आधीच्या प्रश्नांना हॉलमध्ये नुसता दंगा होता. हा प्रश्न आला आणि पहिल्या संघाने क्षणभरही न थांबता ओरडून सांगितलं की लगेच उतरू. मी दाबलं. आता टाकीत दोन माणसं आहेत. मागे दंगा करणारे खुर्च्या पुढे ओढून बसले. मी मागे आलो, दुसऱ्या संघाला विचारलं. ते म्हणाले की माणूस मरताना बघत कसं राहायचं. पुन्हा तेच पान.

तिसऱ्या संघात चिंतू होता. तो उभा राहिला. मग म्हणाला की आधी हाळी द्यायची, मास्क आणि दोर येईपर्यंत थांबायचं. पुढे सगळ्यांकडे वळून म्हणाला की मी परत पडलो तर माझ्यामागे कोणी उतरायचं नाय, मला आणखी एक धर्माजीदादा झेपायचा नाय.

टाळ्यांचं पान माझ्याच्याने दाबवलं नाही. सगळ्यांदेखत रडलो, ताई.

१४ तारखेला, रविवारी चिंतूला एडवणला यायचंय. आजवर त्याला तुमच्या दारात यायची हिंमत झाली नव्हती. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझा प्रताप

एडवण, ता. ९ मार्च १९९९

चि. प्रताप यास आशीर्वाद.

आण त्याला. सासूबाईंना सांगितलं. त्या उठून वाडीत गेल्या. दिवेलागणीला परत आल्या आणि विचारलं की त्या पोराला तिखट चालतं का.

तुझी ताई