बासरीखालचा आवाज

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

परवा तू गेल्यावर आईने मला विचारलं, की ही सेवेला येणारी नवीन बाई मुकी आहे का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, बाई चांगली आहे, हात हलका आहे. आपल्या थोरलीला मात्र आईकडे फिरकायला सवड नाही. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. तिला दिसत नाही याचं अशा वेळी बरं वाटतं, आणि तसं वाटलं म्हणून लाजही वाटते.

तुझ्या घशाच्या ऑपरेशनचं तिला कळू द्यायचं नाही, हे आपण दोघांनीच ठरवलं. बाबा त्याच दुखण्याने गेले, घशाचा विषय निघाला तरी ती दिवसभर गप्प होते. पण तिचे डोळे गेल्यापासून ती तुला ओळखायची ती आवाजावरून, आणि डॉक्टरांनी तुझा आवाजच काढून घेतला; म्हणून तू तिच्याकडे मुकी बाई होऊन येतेस. आता ताट तसंच परत येतं. थोरली आल्यावर जेवीन, हे एकच पालुपद. हृदय आधीच थकलंय, अशा उपासाने ते फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. माझा धीर सुटला आहे, ताई.

म्हणून तिला तुझा आवाज ऐकवायला, नव्या घरात राहायला आलो त्या दिवसाची व्हिडिओ टेप काढली. फोनवर बोलण्यात तू पहिल्यापासून कंजूष, त्यामुळे तुझा एक निरोपही माझ्या फोनमध्ये नाही. ही टेप तेवढी आहे. प्लेअरमधून कॅप्चर बॉक्समध्ये आणि बॉक्समधून कॉम्प्युटरमध्ये, इतकी साधी वाट! पण चित्र जरा चालतं, थरथरतं, पडदा निळा होतो आणि फाइल बंद पडते. केबल बदलल्या. बॉक्स बदलला. कॉम्प्युटर पार पुसून नव्याने उभा केला, त्यात एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फिल्मचं अर्धं एडिटिंग उडालं आणि नवरीचे वडील आता माझ्या दारात येऊन बसतात. आणि जे काही तुकडे हाती लागले त्यांत तुझा आवाज नाहीच, नुसती बासरी. स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणून तूच भरलेली! शिवाय टेप दर वेळी तपकिरी भुकटी सोडते. ती अजून किती चालेल, सांगवत नाही.

व्हिडिओ केंद्रात तू इंजिनियर म्हणून जन्म काढलास. काहीतरी सुचव. मला आता फक्त रडायला येतं.

माझ्यावर चिडलीस तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी चिडून घेते. टेप पुन्हा पुन्हा चालवणं आजच्या आज थांबव. प्लेअरचं हेड नीट साफ केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि भुकटी दिसत असताना कॉम्प्युटर पुसायला निघालास? तू लहानपणी ताप आला की दप्तर बदलायचास, त्यातलाच हा प्रकार.

जुन्या टेपचा सिग्नल अडखळतो. आपल्या डोळ्यांना तो चालून जातो, पण बॉक्स हट्टी असतो, जरा पाऊल चुकलं की तो काम सोडून बसतो. तुझ्याकडे तो जुना डीव्हीडी रेकॉर्डर आहे ना, ज्यावर तू फुलदाणी ठेवतोस? प्लेअर आणि बॉक्स यांच्या मधे तो जोड. डिस्क घालायची गरज नाही, सिग्नल त्याच्यातून जाताना सावरतो. दुसरं, बॉक्स आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर लावली असशील, मी तुला ओळखते. हब काढून टाक, दोन्ही कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला थेट लाव.

आता आवाजाचं. तो गेलेला नाही. ती टेप केंद्रातल्या ज्या मशीनवर भरली, ते आवाज दोन जागी नोंदवायचं, एकदा टेपच्या कडेला आणि एकदा चित्राच्याच पट्ट्यांखाली. मी नंतर बासरी भरली ती फक्त कडेला. तुझा प्लेअर स्वस्तातला, तो कडेचंच वाचतो. माझा हाय-फाय प्लेअर पार्सलने पाठवते आहे. त्याच्या मागे आवाजाचं बटण आहे, ते हाय-फायवर ठेव. मधोमध ठेवलंस तर माझ्यासोबत बासरीही वाजेल.

एवढं सांगितलं, पण मन तयार नाही. माझाच आवाज वापरून तू आईशी खोटं बोलणार. मी शेजारी बसून तिचे पाय चेपत असते आणि ती मलाच माझी गाऱ्हाणी सांगते, थोरलीचं काळीज दगडाचं झालंय म्हणते. गेल्या खेपेला मी उठून न्हाणीघरात गेले आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. तिला खरं सांगू या का रे? तू नाही म्हणशील हे माहीत आहे. मलाही धाडस होत नाही.

तब्येतीला जप, तूही ताटं परत पाठवू नकोस. आहे तसा लोभ राहू दे.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू बोललीस!

फुलदाणी खाली उतरवली, रेकॉर्डर मधे जोडला, हब फेकून दिला. चित्र खांबासारखं स्थिर. बटण सरकवलं आणि बासरी एकदम गेली, आणि तू माझ्यावर ओरडलीस, की कपाट उलटं लावलंय, डोळे कुठे आहेत. मी खुर्चीतच ओक्साबोक्शी रडलो. नवरीचे वडील बाहेर बसले होते, त्यांनी येऊन मला पाणी दिलं. परत जाताना फिल्मबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पण टेपने तेवढ्या एकाच फेरीला साथ दिली. दुसऱ्या फेरीला ती प्लेअरमध्ये गुंतली आणि मधेच तुटली. जे मिळालं तेवढंच आता आहे, आणि त्यात तू कामाचं काही बोललेलीच नाहीस! सगळा वेळ हुकूम. आई, तू बाजूला हो, मी चित्र घेते आहे. खिडकीची जागा बरी आहे. आता जेवायला बसा. त्यातून मी शब्द सोडवतो आहे. एका ठिकाणची आई, दुसरीकडचं बरी आहे, जेवायलामधलं जेव. तुझं ओरडणं खाली आणतो, मागचा भांड्यांचा आवाज पुसतो. तुकडे जोडून एक वाक्य झालं आहे, की आई, मी बरी आहे, तू जेव. रविवारी ते फोनवरून ऐकवतो, म्हणजे परगावाहून तू बोलतेस असं तिला वाटेल.

खरं सांगण्याचं म्हणतेस, तर नको. बाबांच्या गळ्यातली नळी तिने रोज स्वतःच्या हाताने साफ केली आहे. तुझंही तेच झालं हे ऐकून ती जगणार नाही, आणि आपल्याला दुसरी आई नाही. तू रविवारी ये. शेजारी बस. तिने पहिला घास घेतलेला तू पाहायला हवास.

तुझ्या मायेवरच उभा आहे.

धाकटा


रविवार, आईच्या खोलीतून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू भिंतीपलीकडे कानांना हेडफोन लावून तोच जोड पुन्हा नीट करत बसला आहेस, आणि मी इथून तुला पत्र लिहिते आहे. येऊन खांद्याला हात लावला असता, पण तू वळून माझ्याकडे पाहिलंस तर मला रडू फुटेल आणि सांगायचं राहून जाईल.

आईने फोन ऐकला आणि म्हणाली, ही ती नव्हे. ती आई म्हटल्यावर श्वास घेते, ही घेत नाही. तू तुकडा सुधारायला धावलास. पण त्यानंतर तिने जे विचारलं ते तू ऐकलं नाहीस. विचारलं, की थोरली गेली का, आणि हे लोक मला तिचा जुना आवाज ऐकवतायत का.

मला हुंदका फुटला. माझा हुंदका तोंडातून येतच नाही, गळ्यातून नुसती हवा येते. तिने मान वळवली. हात पुढे करून आधी माझं कपाळ चाचपलं, मग नाक, मग मानेचा रुमाल सोडला. तिने गळ्यातल्या भोकावर बोटं ठेवली. मी श्वास रोखून धरला तर म्हणाली, घे गं, श्वास घे.

धाकट्या, मग तिनेच सांगितलं, तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, की या बाईला बाबांसारखं झालंय. तो श्वास ती कशी विसरेल? दर खेपेला माझी चाहूल लागली की ती मनात म्हणायची, ही कुणीतरी परकीच असू दे. म्हणून मुकी आहे का एवढ्यापुढे तिने आपल्याला काही विचारलं नाही, आणि थोरली येईपर्यंत जेवायचंही नाही असं ठरवलं. थोरली बोलत बोलत दारातून आली, की ही परकी आहे हे नक्की होणार होतं.

तिने मला कुशीत ओढलं आणि पुष्कळ रडली. माझ्याहून जास्त. मग डोळे पुसून विचारलं, दुखतं का. मी तिचा तळहात गालाला धरून नाही अशी मान हलवली. रोज कोण साफ करतं, असं विचारलं. मी तिचं बोट माझ्या छातीला लावलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही, उद्यापासून मी करणार म्हणाली, दिसत नसलं तरी हाताला माहीत आहे.

आता उशीला टेकून बसली आहे. ताट मागितलं आहे, पण म्हणते, आधी त्याला बोलाव, इतकं सगळं एकट्याने लपवून पोराचा जीव थकला असेल.

ते मशीन बंद कर आणि ये. आईने मला तुला हाक मारायला पाठवलं आहे.

तुझी,
ताई