यादोरावांच्या नावावरच्या गोळ्या

१९ जानेवारी २०१४
हाडं मजबूत व्हायची गोळी घेतली आणि हाड मोडलं! मागच्या सोमवारी. गोळी उपाशीपोटी घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणून आठ वर्षं दर सोमवारी अंगणात उभी राहते. शेजारची धुरपता म्हणते, "वच्छला, झेंडावंदन करून राहिली का वं?"
घसरले नाही, कोणी ढकललं नाही. उजव्या मांडीत कट् — आणि खाली.
नागपूरच्या डॉक्टरांनी सळई घातली. म्हणाले, फार वर्षं घेतली की क्वचित असं होतं, मधे थांबवून तपासायला पाहिजे होतं. मला कोणी सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी
गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंगाने वाचला. सगळा इंग्रजीत. शब्दकोश घेऊन चार दिवस बसले. मांडीचं हाड सापडलं. शेवटून दुसऱ्या ओळीत, मुंगीएवढं.

२० फेब्रुवारी
धुरपताची नात स्नेहल गोंदियाला वकील आहे. ती आली. ग्राहक मंचात जाऊ म्हणाली, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिलं आहेत का? आहेत, सगळी! डबा पुढे केला. तिने दहा-बारा पाहिली आणि नावावर बोट ठेवलं.
"आजी, हे यादोराव कोण?"
मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.
पहिल्यांदा दवाखान्यात माझा नंबर लावायला हे गेले होते. नाव विचारलं, यांनी स्वतःचं सांगितलं. घर माणसाच्या नावानेच ओळखतात इथे. चिठ्ठी त्यांच्या नावाची, मग बिलंही. पुढच्या वर्षी ते गेले. गोळ्या सुरूच राहिल्या.

६ जून
मंचात तक्रार टाकली होती, त्यावर गोळीच्या कंपनीचं उत्तर आलं. यादोरावांनी आठ वर्षं गोळी घेतली, त्यांचं हाड मोडल्याची तक्रार नाही. म्हणजे औषध चांगलंच आहे! स्नेहल वाचता वाचता हसायला लागली. मीही. सळई दुखेपर्यंत.
मंचाने विचारलंय, यादोराव हजर का राहत नाहीत?

११ जून
प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल — ते वारले, गोळ्या मी खाल्ल्या. औषधवाल्या शालीकरामचंही पाहिजे. काठी टेकत गेले. तो घाबरला. मेलेल्या माणसाला सात वर्षं बिल फाडलं, लायसन जाईल म्हणाला. मग हळूच म्हणाला, "वैनी, नाव बदलतो म्हटलं होतं मी. तुम्हीच नाही म्हणल्या."
खरं आहे. महिन्यातून एकदा तो काउंटरवरून "यादोराव!" अशी हाक मारतो आणि मी पुढे होते. गावात आता दुसरं कोणी ते नाव घेत नाही. राशन कार्डावरूनही मी काढू दिलं नाही.

२२ जून
सही करणार नाही. लंगडत चालेन.

३० जून
स्नेहलचा फोन. उचलला नाही.

९ जुलै
महिनाभर डाव्या मांडीत ठणका होता, कोणाला बोलले नाही. आज एक्स-रे काढला. तिथेही हाड तडकल्याची रेघ आहे. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला लावू नका.
खाटेवर पडूनच लिहिलं, स्नेहलला लिहू दिलं नाही. माझे पती यादोराव २००७ साली मरण पावले.