केशवरावांची पहिली फाईल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. अकोट.

आलो एकदाचा! शेटजी गाडी पाठवत होते, मी नको म्हटलं आणि अकोल्याहून एसटी धरली. बसमध्ये कान उघडे ठेवले की पाय टेकायच्या आधीच निम्मं गाव कळतं. पुढच्या बाकावरचे दोन म्हातारे आमच्याच जिनिंगबद्दल, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याबद्दल, बोलत होते. जुना मॅनेजर सोडून गेला, नवा येऊन राहिला, पाहू किती टिकते तो. मी त्यांना फुटाणे दिले, आणि उतरताना सांगितलं की नवा तो मीच. एकाचा फुटाणा घशात अडकला.

राहायला कारखान्याच्या आवारातच खोली आहे, मागे कडुनिंब. शकुन, माझी बायको, अकोल्यालाच थांबली. ज्या धंद्यात मी गाठी उचलायला लागलो, त्यात आज काचेचं टेबल मिळालं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

ऑफिसात कॉम्प्युटरवर इंदूबाई. चाळिशीच्या आतली, बोलायला फटकळ, हाताला चव. दुपारी पिंकी नावाची बाई डबा घेऊन आली. मी इंदूबाईंना म्हटलं, थोरल्या बहिणीलाही बसवा जेवायला. ती त्यांची पोरगी निघाली. सगळे हसले, जरा जास्तच हसले. यार्डात जानराव मुकादम. साठीचा गडी, पण मिशी काळी कुळकुळीत. कापसाच्या गंजीत उष्णता मोजायची लोखंडी सळई खांद्यावर घेऊन तरण्यासारखा चालतो.

५ नोव्हेंबर, बुधवार.

अकोटचं पाणी मानवलं. सकाळी जिन्यावरून उतरलो तेव्हा गुडघा बोलला नाही. पेपर चष्म्याशिवाय वाचला. आणि कान! गेटवरच्या वजनकाट्याशी लोक काय पुटपुटतात ते खोलीत बसून ऐकू येतं.

जानराव रोज प्रत्येक गंजीत सळई खुपसून ऊब आणि ओल मोजतो, इंदूबाई ते आकडे शीटमध्ये टाकतात, आणि सूत्र सांगतं की गंजी ठीक आहे की फोडायची. हिवरखेडला मी ओल्या कापसाची गंजी आतून पेटताना पाहिली आहे. वरून पांढरीशुभ्र, आणि पोटात निखारा. म्हणून हे शीट माझ्यासाठी देवपूजेच्या वरचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

डोकं फिरलं आज. शीटमध्ये सगळ्या गंज्या 'ठीक'. सगळ्यांसमोर हिशेबाचा आकडाही तोच. अरे, चार गावचा कापूस, कोणी सकाळच्या दवात वेचलेला, कोणी दुपारच्या उन्हात, आणि ऊब सगळ्यांची सारखी? मी नवा आकडा टाकून पाहिला. उत्तर ढिम्म. सूत्रं जागेवर होती, फक्त हिशेब करत नव्हती. पुन्हा हिशेब करायला लावणारं F9 दाबलं तसा सगळा कागद थरारला आणि तिसरी गंजी लाल झाली. जानरावला घेऊन पळालो. फोडली तर आतून वाफ आली, हात लावला तर चटका.

इंदूबाईंना विचारलं, किती दिवसांपासून असं? त्या म्हणाल्या, आमच्या इथं असंच चालते सायेब, मंधातून दाबून घेतो आमी. मधूनच दाबून घेतात! उद्या माणसं भाजली तर मधूनच विझवणार? मी हिशेबाचं सेटिंग 'मॅन्युअल'वरून 'ऑटोमॅटिक' केलं, फाईल जतन केली आणि त्यांच्या टेबलावर हात आपटला. कप पडला. पडू दे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

पुन्हा 'मॅन्युअल'. माझ्या हाताने बदललेलं सेटिंग सकाळी उलटं.

कोणी हात लावेल असा संशय होताच, म्हणून आज इंदूबाई यायच्या आधीच कपाटाआड खुर्ची टाकून बसलो होतो. बाई आल्या, चपला बाहेर काढल्या, कॉम्प्युटर सुरू केला, उदबत्ती लावली. मग एक जुनी फाईल उघडली, पडद्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला, फाईल बंद केली. त्यानंतर आमच्या कामाची फाईल.

एवढंच! हंगामाच्या पहिल्या गाडीची पूजा करतात, तशी ही फाईलची. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचे ऑपरेटर केशवराव, आता वारलेले. त्यांनी केलेली पहिली फाईल रोज आधी उघडायची अशी इथली रीत. आणि या प्रोग्रामची खोड अशी की दिवसाची पहिली फाईल ज्या चालीची, त्याच चालीने मागाहून उघडलेल्या सगळ्या चालतात. केशवरावांची 'मॅन्युअल'वर ठेवलेली. मेलेल्या माणसाची फाईल रोज माझ्या जित्या गंज्यांचे आकडे गोठवते!

मी बाहेर येऊन बरसलो. इंदूबाई खाली मान घालून एवढंच म्हणाल्या की केशवदादानं सांगून ठेवलं व्हतं, पयले माही उघडजा, मंग बाकी. काहून ते विचारू नका.

८ नोव्हेंबर, शनिवार.

सगळ्यांना ऑफिसात उभं केलं आणि स्वतः इंदूबाईंच्या खुर्चीत बसलो. फाईल उघडली. दोन पानं, 'यार्ड' आणि 'ऑफिस'. नाव, जन्मतारीख, वय. वयाच्या चौकटींना केशवरावांचं कुलूप, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. सगळ्यांची वयं अठ्ठ्याण्णव सालातच अडकलेली. 'यार्ड'च्या पानावर एकच ओळ, जानराव मुकादम: ६१.

मला हसू आलं. यावर एवढी उदबत्ती? इंदूबाई माझा हात धरायला आल्या, सायेब, पाया पडतो तुमच्या. मी म्हटलं, बघा आता, आभाळ कोसळतं का. आणि 'यार्ड'च्या पानावर तेवढ्याच पानाचा हिशेब करणारी कळ दाबली.

६१ चे ८८ झाले.

मी म्हटलं, अभिनंदन जानराव, आजोबा झालात तुम्ही! कोणी हसलं नाही. जानराव आपल्याच तळहातांकडे पाहत होता. मी फाईल जतन केली, 'ऑफिस'च्या पानाकडे वळलो, तेवढ्यात इंदूबाईंनी भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. सगळं अंधारलं. इतका मी कित्येक वर्षांत ओरडलो नव्हतो. तिथूनच प्रीतमला फोन लावला. शेटजींचा भाचा, अकोल्यात बसून आमचे कॉम्प्युटर पाहतो. म्हटलं, इथल्या सगळ्या फाईली ओढून घे आणि नव्या ऑनलाइन शीटवर टाक, जिथे हिशेब आपोआप होतो आणि कोणाच्या बापाला थांबवता येत नाही. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या प्रती नेल्या.

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला.

घरी आलो. शकुन दार उघडून पाहतच राहिली. म्हणाली, केस काळे केले का? तिकडं कोणी ठेवली तर नाही ना? मी म्हटलं, ठेवायला वेळ कुठे आहे, इथे एका फाईलशी भांडतोय. ती हसली नाही. जेवताना चोरून माझ्याकडे पाहत होती.

१० नोव्हेंबर, सोमवार. अकोट.

जानराव आला.

त्याचा मुलगा जीवन त्याला पाठीवर घेऊन आला. काडीसारखे पाय, केस कापसासारखे, डोळ्यांवर साय. शनिवारी हाच गडी गंजीवर चढला होता. खाली ठेवल्यावर त्याने सळईला हात घातला, ती हलली नाही. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. जीवन मला म्हणाला, सायेब, बापाले तुमी मोजलं.

मला राग आला. जीवनचा नाही. कशाचा ते कळेना.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

जानराव पहाटे गेला. स्मशानातून आत्ताच आलो.

इंदूबाईंना समोर बसवलं. सगळ्यांना ठाऊक होतं! त्या फाईलचा हिशेब थांबला तसं तिच्यातल्या माणसांचं वयही थांबलं. फाईलबाहेरची माणसं म्हातारी होत गेली. पिंकी आईच्या पुढे गेली. मी ओरडलो, मला सांगितलं का नाही? तर म्हणतात, सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं काय?

नसतंच ऐकलं. हेच जास्त झोंबलं.

मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, तुमचं नाव बी टाकलं ना सायेब मी. पयल्याच दिवशी. पिंकीले माही बहीण समजून जेवाले बसवलं, मनात आलं हा मानूस आपला. 'ऑफिस'च्या पानावर त्यांच्याखाली माझी ओळ, उत्तमराव. खालच्या कोऱ्या चौकटींना कुलूप नव्हतं, तिथे वयाचं सूत्र वरून खाली ओढलं. हिशेब बंद असला की ओढलेलं सूत्र वरचाच आकडा दाखवतं. त्यांचे एकोणचाळीस, तेच मला चिकटले.

गुडघा. चष्मा. काळे केस.

मी सत्तावन्नचा आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

आरशासमोर फार वेळ उभा होतो. दात सगळे घट्ट. लाज वाटली, तरी हललो नाही.

मग प्रीतम आठवला. प्रती त्याच्याकडे! फोन केला. म्हटलं, थांबव. तो हसून म्हणाला, काका, शनिवारी तुम्हीच तर माझ्या बापाचा उद्धार केला, आता काय झालं? गंज्यांचं शीट चढवलं, उद्या बाकीच्या. मी म्हटलं, जुन्या फाईलला हात लावू नको. का, विचारलं त्याने. काय सांगू? फाईल माणसं मारते सांगू? सांगितलं. तो तिकडे कोणाला तरी म्हणाला, काकाला अकोटचं ऊन लागलं. माझे कान तीक्ष्ण आहेत, हे गाढव विसरलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

इंदूबाईंना विचारलं, माझी जन्मतारीख काय टाकली?

टाकलीच नाही. माईत नव्हती, कोरीच ठेवली.

कोरी. कोरी चौकट म्हणजे या यंत्राला एकोणीसशे साल. तिथून मोजलं तर—

प्रीतमचा फोन लागत नाही. शेटजींचाही. जीवनला म्हटलं, मोटरसायकल काढ, अकोल्याला जा, त्याच्या हातातून हिसकावून घे. बापाला जाळून दोन दिवस झालेत त्याच्या. गेला मात्र. शिवी देऊन गेला. बरोबर दिली.

दुपार.

लागला. प्रीतम म्हणतो, यार्डचं पान चढलं, ऑफिसचं चढवतोय. मी म्हटलं, हात काढ— काढ म्हणतो ना हरामखोरा—

इंदूबाई समोर बसल्या आहेत. पदर डोक्यावर घेतला. बोटं वाकायला लागली त्यांची. केस— रडत नाहीत. मला म्हणतात, जाऊ द्या, पिंकीची आई तर दिसल मी.

फोनवर तो हसतोय. काका, तुमचं वय एकशे पंचवीस दाखवून राहिलं—

तारीख टाक. त्या चौकटीत फक्त तारीख टाक. ओरडतोय मी. त्याला कळत नाही, म्हणतो नीट बोला. दात—

जिन चालू आहे. पट्टा फिरताना दिसतो. आवाज नाही. काहीच आवाज नाही.

लिहून देतो. इंदूबाई, फोन घ्या. हे वाचा, मोठ्याने वाचा त्याला. उत्तमराव, जन्मतारीख एक जून एकोणीसशे—