जपानी गाडीला घातलेला झेंडूचा हार

मुलुंड,
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, १९८८

चिरंजीव लवूस,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. मस्कतचं ऊन आता तरी उतरलं असेल. अनुपमाची कंबर कशी आहे? माझी तब्येत झकास (भाकरी करपते, पण ती तब्येतीत धरत नाहीत).

बोरीवलीचे कोणी गृहस्थ येत्या रविवारी तुझी गाडी बघायला येणार, ती नीट करून ठेव, असं तू लिहिलंयस. मेल्या, गाडी सोसायटीच्या आवारात ठेवून गेलास तेव्हा मला ती चालवता येत नाही हे तुला माहीत होतं. तरी मी रोज सकाळी इंजिन चालू करतो आणि बाजूच्या सीटवर सरकून बसतो (ड्रायव्हरच्या जागी बसलं की कुठेतरी जावंसं वाटतं, आणि जायचं कुणाकडे?). हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगमागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला आणि काही केल्या विझेना.

पहिल्यांदा नाक्यावरच्या गॅरेजातला काशीराम आला. त्याची हयात फियाटमध्ये गेली. त्याने कार्बोरेटर साफ करायला घेतला, तर या गाडीला तो नाहीच! इतका अपमान त्याचा लग्नातही झाला नसेल. चहा न घेता गेला. मग दुसऱ्या मजल्यावरचे अनंतराव (तार ऑफिसातून रिटायर झालेले) तुझं गाडीचं पुस्तक घेऊन बसले. त्यात लिहिलंय, बॉनेटखालच्या डबीतली दोन भोकं तारेच्या तुकड्याने जोडायची, किल्ली फिरवायची, की दिवा लुकलुकून आपला आजार सांगतो. तो लुकलुकला. अनंतरावांनी सवयीने त्याची तार वाचायला घेतली आणि पलीकडचा ऑपरेटर नवशिका आहे, असा निकाल दिला.

मग काय, रोज संध्याकाळी आवारात मेळा. कोणी म्हणे दोनदा लुकलुकला, कोणी म्हणे तीनदा, त्यावरून दोघांत अबोला. अनंतरावांच्या मालनवहिनी चहाची किटली पाठवायच्या. हाताला ग्रीस लागलं की माणसं वर माझ्या घरी हात धुवायला यायची आणि बसायची. नलिनी गेल्यापासून माझ्याकडे दूधवाल्याशिवाय कोणी घंटी वाजवली नव्हती, लवू. एकदा कोणीतरी म्हणालं, नलिनीवहिनींच्या हातची सोलकढी काय असायची! तिचं नाव या घरात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी काढलं. मला फार बरं वाटलं.

शेवटी हिशेब जुळला. दोन, थांबा, पुन्हा दोन. पुस्तकात बावीस नंबरचा आजार बघितला तर पाण्याचं तापमान सांगणाऱ्या पुर्ज्याची वायर. बघतो तर ती निसटलेली, आणि तिला झेंडूच्या हाराचा दोरा. म्हणजे पराक्रम माझाच. गिरणीत आम्ही दसऱ्याला हार मशीनला घालायचो, वरच्या झाकणाला नाही. म्हणून मी बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, पहिलं जे वर आलेलं दिसलं त्याला हार बांधला, आणि दुसऱ्या दिवशी सुकलेला हार ओढून काढला. अनंतरावांनी वायर दाबली. टक्. दिवा बंद.

सगळे खूश झाले, खालच्या नळावर हात धुतले आणि आपापल्या घरी गेले. त्यानंतर कोणी आलं नाही. कुणाचा दोष नाही रे, दुरुस्त गाडीकडे कोण कशाला येईल?

तर गाडी ठणठणीत आहे. रविवारी त्या गृहस्थांना खुशाल पाठव.

तुझा दादा,
दशरथ

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी खाली जाऊन आलो. दिवा पुन्हा पेटलाय. बोरीवलीला तूर्त नको म्हणून कळव.

ता. क. वायर कशी निसटली ते विचारू नकोस. अनंतराव संध्याकाळी येतो म्हणालेत. किटलीही येणार आहे.

ता. क. गाडी विकायचीच असेल तर तू स्वतः ये. कुठली वायर ते मी दाखवीन. दाबायला एक क्षण पुरतो, पण रजा महिन्याची काढ.