गुइयांगचा भावी प्रमुख

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

सकाळी मीटिंग. लुआन मॅडमनी जाहीर केलं, कंपनी गुइयांगला नवं सेंटर काढतेय. तिकडे नैर्ऋत्य चीनच्या डोंगरात जागा स्वस्त, माणसं तरुण. नागोयाच्या जपानी विमा कंपनीचं काम, म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी इथे दालियानमध्ये बसून करतोय ते, तिकडे न्यायचं. मी सगळं लिहून काढायचं आणि तिकडून येणाऱ्या एका बाईंना सहा आठवडे शिकवायचं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं नाही, पण मी काय दूधखुळा आहे? गुइयांगचा प्रमुख मीच.

घरी मेइफेन सुरमईचे डंपलिंग वळत होती. म्हणाली, ज्याला बढती द्यायची त्याच्याकडून आधी सगळं लिहून घेतात होय? बायकोला आयटीतलं कळत नाही.

संकल्प. एक, तिखट खायला शिकणे. गुइयांगचे लोक मिरचीवर जगतात. दोन, निम्मंच लिहिणे. दाव्यांचा तो पस्तीस वर्षं जुना प्रोग्राम फक्त माझ्या डोक्यात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० मार्च, सोमवार
गुइयांगच्या बाई आल्या. नाव रान ची. एकोणतीस वर्षांची, जपानी उत्तम. येताना आंबट मिरचीची बरणी आणली. मला 'मास्तर' म्हणते. ऑफिसात बाकी सगळे 'लाओ त्सोंग' म्हणतात, म्हणजे म्हातारा त्सोंग. वय चव्वेचाळीस!

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन गुपितं सांगून झाली. ती मान डोलावते आणि लिहून घेते, त्यामुळे थांबता येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार
मॅन्युअल १४० पानं. निम्मं लिहायचा बेत सोडला. अर्धवट काम माझ्या हातून होत नाही, हा माझा दोष. २९ फेब्रुवारीला प्रोग्राम का रुसतो, यावरच अकरा पानं. रान ची म्हणाली, मास्तर, हे छापलं पाहिजे.

मिरचीने पोट बिघडलं. दुपारी तांदळाची पेज.

७ एप्रिल, सोमवार
शेजारच्या टेबलावरचा बी नावाचा सहकारी ऑफिसातली दुपारच्या झोपेची घडीची खाट घरी घेऊन गेला. म्हणाला, कंबर दुखते. नंतर कळलं, त्याला 'ऑप्टिमाइझ' केलं. हल्ली काढून टाकलं असं कोणी म्हणत नाही.

वाईट वाटलं. पण बीने आयुष्यात एक पान नीट लिहिलं नाही. अशा माणसाला कंपनीने का ठेवावं? माझी २३० झाली.

१८ एप्रिल, शुक्रवार, सकाळी १०
नागोयाच्या हिराता साहेबांशी व्हिडिओवर बोललो. एकोणीस वर्षांचा संबंध. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो माझ्याकडे आहेत. मॅन्युअल पाहून दोनदा वाकून नमस्कार केला. मी धीर करून म्हटलं, गुइयांगला मीच असावं असा शब्द तुम्ही वर टाकाल का? ते म्हणाले, सकारात्मक दृष्टीने विचार करतो.

जपानी गिऱ्हाईक 'विचार करतो' म्हणालं की 'नाही' समजावं, हे मीच दर वर्षी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतो. पण ते बाकीच्या गिऱ्हाइकांबद्दल. हिराता साहेब विचार करतातच. शिवाय 'सकारात्मक' म्हणाले.

२५ एप्रिल, शुक्रवार
नागोयाहून मिठाईचा खोका, माझ्या नावाने! आमच्या धंद्यात असा खोका माफी मागायला येतो किंवा निरोप द्यायला. पण अभिनंदनालाही येत असणार, माझ्या पाहण्यात नाही इतकंच. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'इतक्या वर्षांच्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत.' किती मोकळ्या मनाचे लोक.

मेइफेनने एक खाल्ली आणि टोमणा न मारता खोका बंद केला. लग्नाला सतरा वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार
लुआन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं. म्हणाल्या, लाओ त्सोंग, इतकं चांगलं मॅन्युअल कंपनीत आजवर कोणी लिहिलं नाही. आता कुणालाही हे काम जमेल. आणि 'कुणालाही'त गुइयांगची पंचवीस वर्षांची मुलंही येतात, असंही त्याच म्हणाल्या. मी विचारलं, मग मी? त्या कागद सरळ करत म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस कुठेही कामाला लागेल.

बाहेर रान ची रडत होती. म्हणाली, मास्तर, शप्पथ, मला माहीत नव्हतं. मीच तिची समजूत घातली. माझीही घडीची खाट ट्रामने घरी आणली. समुद्रावरचं वारं इतकं होतं की ती दोन्ही हातांनी धरावी लागली आणि डोळे पुसता आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१२ मे, सोमवार
परिस्थितीचा शांतपणे विचार केला. आठवड्यात प्रोग्राम अडेल आणि कंपनीचा फोन येईल. पहिल्या फोनला हो म्हणायचं नाही. दुसऱ्याला म्हणायचं.

२६ मे, सोमवार
रान चीचा मेसेज. धावत जाऊन चष्मा आणला. पोट बरं आहे का, एवढंच विचारलं होतं. सगळं सुरळीत आहे म्हणते, अडलं की पान उघडायचं. मी लिहिलं, आनंद झाला. झाला नव्हता.

तीन ठिकाणी अर्ज केले होते. तिन्हीकडे पस्तिशीच्या आतला हवाय.

२० जून, शुक्रवार, दुपारी ३
हिराता साहेबांचा फोन! नाव पाहून उठून उभा राहिलो, सदरा खोचला. मेइफेनला खूण केली, बघ. तीही चेरीची टोपली ठेवून जवळ आली.

म्हणाले, त्सोंग-सान, माझा विभाग बंद झाला. गुइयांगचे लोक आता थेट तोक्योला कळवतात. पूर्वी ते मला प्रश्न विचारायचे, पण तुमच्या मॅन्युअलच्या शेवटच्या प्रकरणात 'हिराता साहेबांना विचारायचे प्रश्न' उत्तरांसकट दिलेत. उत्तरं अचूक आहेत. अभिनंदन.

मी माफी मागितली. तेही माफी मागू लागले. मग त्यांनी आवाज खाली करून विचारलं, गुइयांगला छप्पन्न वर्षांच्या माणसाला काही काम मिळेल का? त्या रान बाईंकडे शब्द टाकाल? मी तिचा नंबर दिला. बाई स्वभावाने कशा आहेत? म्हटलं, फार चांगल्या. मिरची जमते का तुम्हाला? म्हणाले, शिकेन.

मग बोलायला काही उरलं नाही. गिऱ्हाइकाने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही, ही आमची रीत. एकोणीस वर्षं मी कधी आधी ठेवला नाही. तिकडून श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवायची तेही वाट पाहत असावेत, कारण आता आमच्यात गिऱ्हाईक कोण, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

तीन वाजून चाळीस. मेइफेनने चेरी धुऊन आणल्या. मी एका हाताने खातोय. फोन अजून चालू आहे.